मऊ केलेली सळई

काका, ती सळई मकरंदने मऊ केली नव्हती. मी केली होती.

दोन वर्षं हे वाक्य घेऊन मी तुमचा जिना चढत होते आणि तसंच परत घेऊन उतरत होते. आता तुम्ही नाही आणि ते एका दमात लिहून झालं. इतकं सोपं होतं तर आधी तोंड का नाही उघडलंस, असं तुम्ही विचारलं असतंत. मी काही बोलायच्या आत म्हणालाही असतात, "कारणं लेखी आण." बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाचं ते आवडतं वाक्य. ही घ्या, आणली लेखी.

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. मकरंद न्यू जर्सीहून आला तो घरी न येता थेट वैकुंठ स्मशानभूमीत. काकू त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या आणि तो मात्र कोरड्या डोळ्यांनी तुमच्या हातांकडे बघत उभा राहिला. मी मागेच होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं. दोन वर्षं तुम्ही तुमच्या मुलाशी बोलला नाहीत, त्याचा रविवारी फोन आला की रिसीव्हर काकूंच्या हातात देऊन गच्चीत निघून जात होतात, आणि ते सगळं माझ्यामुळे. तेरावा झाला की तो परत जाणार आहे. त्याआधी मला त्याला सांगायचंय. तो काय करेल, ठाऊक नाही. उद्यापासून या घरात पाऊल टाकू नकोस म्हणाला तर? मला या शहरात हक्काचं घर एकच होतं, तिसऱ्या मजल्यावरचं, तुमचं. ते जाईल या भीतीनेच मी गप्प बसले होते. भीती आजही तीच आहे.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते गच्चीतच. मी अकोल्याहून नुकतीच आलेली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तुमच्या खालच्या मजल्यावर कॉट बेसिसवर. कपडे वाळत घालायला वर आले तर तुम्ही बनियनवर उभे. हातात वीतभर सळई, दोन्ही टोकांना जुन्या बॅगेच्या चामड्याचे तुकडे गुंडाळलेले. तुम्ही ती हनुवटीखाली धरलीत, कोपरं अंगाशी घेतलीत, मान लालबुंद झाली आणि सळई वाकली. माझ्या तोंडून आमची वऱ्हाडी निघून गेली, "काऊन हो काका, खरं लोखंड आहे का हे?"

"नाही, शेवई आहे," तुम्ही म्हणालात. "कपडे तिकडच्या दोरीवर घाला. इकडची आमची आहे."

मी मेटलर्जी शिकते म्हटल्यावर तुम्ही जरा वळून पाहिलंत. मग माझ्या हातात एक सहा इंची खिळा दिलात आणि म्हणालात, धातुशास्त्र राहू दे, हा वाकव. खिळा हलला नाही, माझ्या तळहाताला मात्र खळगा पडला. तुम्हाला केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आले, तेव्हा तुम्ही खिळा दिला नाहीत. ओला पंचा दिलात आणि तो कोरडा होईपर्यंत पिळायला लावलात. मग बादलीभर वाळूत मुठी खुपसायच्या, विटा बोटांच्या चिमटीत धरून गच्चीला फेऱ्या मारायच्या. खिळ्याला तीन महिने हात लावू दिला नाहीत. "स्नायू महिन्यात तयार होतो, सांध्याला वर्ष लागतं. तुझ्या सेमिस्टरप्रमाणे मनगट चालत नाही," हे तुमचं उत्तर. बँकेत कॉम्प्युटर आले, तुम्ही व्हीआरएस घेतलीत, त्यामुळे सकाळचा सगळा वेळ तुमचाच होता. माझी पहिली लेक्चर्स त्यात किती बुडाली ते माझ्या आईवडलांना अजून माहीत नाही.

कान, वळण आणि मिठी. सळई वाकवण्याचे तुमचे तीन टप्पे. आधी एका झटक्यात तिला कान पाडायचा, म्हणजे मधोमध कोपरा काढायचा. सगळी ताकद तिथे लागते, कारण सळई तोवर सरळ असते आणि तिला वाकायचंच नसतं. मग न थांबता वळण. मध्ये दम खाल्ला की सळई गार होते आणि हट्टाला पेटते. शेवटी दोन्ही टोकं बोटांत बोटं गुंतवून जवळ आणायची, ती मिठी. दीड वर्षाने मी पहिला खिळा मिठीपर्यंत नेला तेव्हा तुम्ही शाबास म्हणाला नाहीत. खाली जाऊन काकूंना सांगितलंत, "अकोल्यासाठी आज दोन पोळ्या जास्त कर." अकोला म्हणजे मी. तेव्हापासून मी तुमच्याकडे जेवू लागले.

आपला एक वाद मात्र कधी मिटला नाही. प्रत्येक सळई वाकवण्याआधी तुम्ही ती फरशीवर टाकून वाजवायचात आणि नुसत्या आवाजावरून सांगायचात, ही कडक, ही मऊ. मी म्हणायचे, काका, मऊ असो की कडक, लोखंड वाजतं सारखंच, पुस्तकात दिलंय. तुम्ही म्हणायचात, पुस्तक लिहिणाऱ्याने सळई वाजवली होती का? मी चिडायचे. माणसाच्या हाताला, कानाला असं काही कळत नाही, ते यंत्राचं काम आहे, असं मी ठासून सांगायचे. पुढे मी जे केलं ते याच खात्रीवर केलं.

मेटलर्जी करून मी लागले सॉफ्टवेअर कंपनीत. त्या वर्षी कॅम्पसला आलेल्या सगळ्याच कंपन्या आम्हाला घेत होत्या, मेकॅनिकल, सिव्हिल, जो दिसेल त्याला. हडपसरला मकरंदच्याच ऑफिसात, त्याच्या खालच्या मजल्यावर. "एवढं लोखंड शिकून आता बटणं दाबणार," तुम्ही म्हणालात. मकरंदलाही हेच म्हणायचात. तो हसून घ्यायचा. तुमचं आणि त्याचं नातं मला बाहेरून असंच दिसायचं, तुम्ही टोमणा मारणार आणि तो हसून घेणार. त्या हसण्याच्या आत काय आहे ते पाहायची मला कधी गरज वाटली नाही.

मग तुम्ही कर्वेनगरच्या वळणावर स्कूटरवरून पडलात आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. ते निघालं त्याच आठवड्यात ते पत्र आलं. आमच्या कंपनीचा फॅमिली डे होता, कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी आपापली कला दाखवायची, आणि तुम्हाला सळई वाकवण्याच्या प्रयोगासाठी आग्रहाचं निमंत्रण होतं, कंपनीच्या कागदावर. तुम्ही ते पत्र चार वेळा वाचलंत. काकूंना मोठ्याने वाचून दाखवलंत. बँकेने निरोपाला नारळ दिला होता, आणि इथे कॉम्प्युटरवाल्यांची कंपनी तुमची ताकद बघायला मागत होती. तुम्ही ठरवलंत, आठ मिलिमीटर जाडीची, आठ इंच लांबीची, चकचकीत कडक सळई. प्लास्टरच्या आधीसुद्धा ती तुम्हाला दहातून सात वेळा जमायची.

जेवताना मकरंद म्हणाला, "बाबा, जरा पातळ घ्या ना. लोकांना काय कळतंय?"

"मला कळतं," तुम्ही म्हणालात. तुम्ही ताक न घेताच उठलात.

आठ दिवस आधी मी गच्चीत आले तर तुम्ही नव्हतात. पाण्याच्या टाकीमागे पाच सळया होत्या. पाचही तशाच, नुसता कान पडलेल्या, पुढे न गेलेल्या. त्या तुम्ही माझ्यापासून लपवल्या होत्यात. मी तिथेच खाली बसले. मला दिसत होतं काय होणार ते. दोन हजार माणसं, माईक, झगमगाट, आणि तुम्ही स्टेजवर नुसता कान पडलेली सळई घेऊन उभे. मला ते सहन झालं नसतं. तुम्हाला तर नाहीच.

त्या दिवसासाठी सळया कापून आणायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतंत. माझ्या वर्गातल्या एका मित्राची हडपसरला शेड आहे, तिथे यंत्राच्या भागांना कडक-मऊ करायची भट्टी आहे. कापलेल्या चार सळया मी त्याला दिल्या आणि म्हटलं, थोड्या मऊ कर. थोड्याच. त्याने त्या लाल केल्या आणि राखेत गाडून दुसऱ्या दिवशीपर्यंत विसरला. सगळाच कडकपणा निघून गेला. मला ते कळलं तेव्हा नव्या आणायला वेळ नव्हता. वर काळा पापुद्रा आला होता, तो मी पॉलिश पेपरने घासघासून काढला, तेल लावलं आणि त्या पहिल्यासारख्या चमकू लागल्या. पिशवी मी मकरंदच्या हातात दिली. त्याने ती गाडीत टाकली.

स्टेजवर तुम्ही पांढऱ्या शर्टात होतात. आधी एका बाईंचं गाणं झालं, मग कुणाच्या तरी मुलीचा नाच. तुम्ही माईकवरून सांगितलंत की हे जादूचे प्रयोग नाहीत, घाई करू नये. लोक हसले. मी तिसऱ्या रांगेत काकूंचा हात धरून बसले होते. तुम्ही सळई स्टेजवर टाकून वाजवलीत, कान देऊन ऐकलंत, मान डोलावलीत. तुम्हाला कळलं नाही. त्या वादात मी बरोबर होते काका. किती वर्षं वाट पाहिली होती मी हे म्हणायची.

तुम्ही चामडं गुंडाळलंत, हनुवटीखाली धरलीत आणि दाब दिलात. सळईला कान पडला. इतका सहज, की तुमचे हात ताकदीसकट पुढे गेले आणि तुमचा तोल गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही थांबलात. मला तुमचा चेहरा दिसत होता. तुम्ही पुढे वाकवली असतीत तर संपलं असतं सगळं. मी मनात म्हणत होते, वाकवा काका, वाकवा, कोणाला काही कळणार नाही. तुम्ही सळईकडे पाहिलंत, मग पहिल्या रांगेत आपल्या साहेबांशेजारी बसलेल्या मकरंदकडे पाहिलंत. पातळ घ्या म्हणणारा तोच होता, आणि पिशवीही त्यानेच आणली होती. टाळ्या थांबल्या.

"ही मऊ केलेली आहे," तुम्ही माईकवर म्हणालात. "ही कोणीही वाकवेल." आणि निवेदन करणाऱ्या मुलीच्या हातात दिलीत. तिला वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. तिने गुडघ्यावर टेकवून ती वाकवली आणि सगळं पटांगण खो खो हसलं. तुम्ही खाली उतरलात.

परत घरी येताना, हडपसर ते सदाशिव पेठ. मकरंद गाडी चालवत होता, तुम्ही त्याच्या शेजारी, काकू आणि मी मागे. पुलाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तुम्ही विचारलंत, "मकरंद, तू केलंस?"

तो समोर बघत राहिला. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "बाबा, जाऊ द्या ना आता."

तुम्ही त्याचा अर्थ काय घेतलात ते गाडीतल्या प्रत्येकाला कळलं. सिग्नल सुटला. मी तोंड मिटलं. उद्या सांगू, तुमचा राग जरा निवळू दे, असं मी स्वतःला समजावलं. ते उद्या गेलं. महिना गेला. मकरंदने परदेशातलं काम मागून घेतलं आणि तो गेला. तुम्ही त्याला पोचवायला विमानतळावर गेला नाहीत, मनगट दुखतं म्हणालात.

आणि मला तुम्ही शिकवत राहिलात! हेच मला सगळ्यात जास्त खातं. मनगट बरं होत आलं तसे तुम्ही पुन्हा आठ मिलिमीटरकडे वळलात, तीही पुन्हा मिठीपर्यंत नेलीत, मनगटाची भीती खोटी होती हे मला दाखवून दिलंत. मला सहाची दिलीत, मग सातची. माझी कोपरं अंगाशी नीट लावत असताना तुम्ही सहज म्हणायचात, "खोटी सळई हातात देणारा माणूस आपल्याला ओळखत नसतो." माझी पकड ढिली व्हायची. तुम्ही ओरडायचात, लक्ष कुठे आहे? माझं लक्ष तुमच्याच वाक्यात असायचं. तुमच्या तोंडून मकरंदविषयीचं बोलणं मी ऐकलं, मान हलवली, एकदा तर हो म्हटलं. त्याची मला किळस येते.

तुम्ही जायच्या महिनाभर आधीची ती सकाळ. काकू देवळात गेल्या होत्या. तुम्ही सळया पुसत बसला होतात आणि मान वर न करता विचारलंत, "अकोला, मकरंदला माझी लाज वाटत असेल का गं?"

तुम्ही माझ्याशी असं कधी बोलला नव्हतात. तुमचा आवाज चोरून आल्यासारखा होता. मी म्हटलं, "काहीतरीच काय काका," आणि चहा ठेवायला आत गेले. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले, चहा उतू गेला, आणि मी बाहेर येऊन सांगितलं नाही. त्यानंतर तुम्ही तो प्रश्न पुन्हा विचारला नाहीत.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज सांगितलं.

मकरंद तुमच्या टेबलाचे खण रिकामे करत होता. काकू आत झोपल्या होत्या. मी दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच म्हटलं, "मकरंद, ती सळई मी मऊ केली होती."

"माहितीये," तो म्हणाला. कागद लावणं थांबवलंसुद्धा नाही.

मी खुर्चीत बसले. तो म्हणाला, "मला भट्टी कुठे असते तेही ठाऊक नाही. आपल्यात मेटलर्जी एकटी तूच शिकलीस."

"मग गाडीत बोलला का नाहीस?"

"तुला त्यांनी जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. मी काय, मुलगा. घरातलं भांडण आहे, दिवाळीपर्यंत मिटेल असं वाटलं." मग म्हणाला, "नंतर मात्र मलाही राग आला. त्यांनी माझ्याबद्दल असं धरलंच कसं? आणि तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. दोन दिवाळ्या झाल्या, वर्षा."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी रडत होते आणि त्याने मला रडू दिलं, पाणीबिणी आणून दिलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का?"

मला खोटं बोलता आलं असतं. चांगलंसं काहीतरी. पण आता ते पुरे झालं होतं. त्या सकाळचा तुमचा प्रश्न मी त्याला जसाच्या तसा सांगितला, मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

तो खणासमोर जमिनीवर बसला होता. त्याच्या हातात कंपनीचं ते निमंत्रणाचं पत्र होतं. तुम्ही ते प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ठेवलं होतंत.

"हे मी टाइप केलंय," तो म्हणाला. "ऑफिसने असं पत्र कोणालाच पाठवलं नव्हतं. त्यांना फक्त नाच-गाणी हवी होती. मी महिनाभर त्यांच्या मागे लागलो होतो, माझे वडील एकदा बघाच म्हणून. मी बोलावलं म्हटलं असतं तर ते आले नसते."

काका, तुम्हाला कंपनीने बोलावलं नव्हतं. मकरंदने बोलावलं होतं, त्याच्या सगळ्या माणसांना तुम्ही दिसावेत म्हणून. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर हे आहे. ते मी आज आणलं.